न विचारण्याचं अक्षर

"आपल्या लोकांना एवढं कशाला सांगायला हवं?" हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझी मुलं मग एकमेकांकडे बघून हसतात. आईचा साखर कारखाना सुरू झाला, असं म्हणतात. हसू देत बापडी. त्यांना तो कारखाना माहीत नाही आणि ते पानही.

कऱ्हाडहून सांगलीकडे जाताना नदीच्या अंगानं जे कारखाने लागतात त्यांपैकीच तो एक. नाव सांगत नाही, कारण नावानं काही फरक पडत नाही. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती आणि कारखान्यात नुकतंच गणकयंत्र आलं होतं. आसपासच्या तालुक्यांत तेव्हा ते कुणी पाहिलेलं नव्हतं. यंत्राची खोली थंड ठेवायची म्हणून तिथं एअरकंडिशनर लावलेला असायचा आणि उन्हातून आलेले सभासद "जरा यंत्र बघतो" म्हणत तिथं घाम वाळवून जायचे.

मी सायन्सची पदवीधर. त्याआधी तेलइंजिनं आणि पंप करणाऱ्या एका कारखान्यासाठी मराठी माहितीपत्रकं लिहायची. पंप पाणी ओढत नसेल तर आधी काय बघावं, मग काय बघावं, असं. त्या पत्रकांवरून मला इथं बोलावलं. काम असं होतं, की यंत्राबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्याला ते वाचून काम करता येईल.

यंत्र चालवणारे होते हवालदार. पलटणीत सिग्नलला टेलिप्रिंटर चालवलेला माणूस, निवृत्त होऊन गावी आलेला. टाइप करायची सवय होती म्हणून त्यांना घेतलं. तेही हंगामी, हंगाम सुरळीत पार पडला तर कायम करू या बोलीवर. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, पण मला ताई म्हणत. आणि आमच्या दोघांच्या वर होते पुण्याहून आणलेले साहेब. ते यंत्राचं शिक्षण घेऊन आले होते, आणि ते शिक्षण आपल्यापाशीच राहावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

सगळ्या पुस्तकात मला आवडलं ते एकच प्रकरण, डिस्क तयार करण्याचं. डिस्क म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ तबकडी. हवालदार तिला पापड म्हणायचे. कोरा पापड आणला की लगेच त्यावर काही लिहिता येत नाही. आधी एक आज्ञा टाइप करून तो तयार करून घ्यावा लागतो. पुस्तकात त्याला फॉरमॅट म्हटलं होतं. त्या आज्ञेच्या मागे तिरकी रेघ ओढून एकेक अक्षर लावता येई, आणि प्रत्येक अक्षरानं आज्ञेची चाल बदले. इंग्रजी पुस्तकात प्रत्येक अक्षराला जेमतेम एक ओळ दिली होती, तीही अशी की ज्याला आधीच येतं त्यालाच कळावी.

मी आणि हवालदार एक खराब झालेली डिस्क घेऊन बसायचो. एक अक्षर लावायचं, काय होतं ते बघायचं, लिहायचं. मग दुसरं. मग दोन्ही एकदम. लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवायची आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली की ते वाक्य खोडून पुन्हा लिहायची. अशी वाक्यं करण्यात मला किती सुख होतं ते कुणाला सांगून पटायचं नाही. घरी आई म्हणायची, "अगं, नोकरीला जातेस की जेवायला?"

शेवटी मी सगळं उसाच्या रानावर आणून सोडलं. डिस्क म्हणजे रान. ही आज्ञा म्हणजे नांगरट करून सऱ्या पाडणं. एक अक्षर कोणत्या रानात औत घालायचं ते सांगतं. एक अक्षर सरी किती रुंद पाडायची ते सांगतं. अरुंद पाडली तर जास्त बसतात, पण आपल्या यंत्राला एकच रुंदी चालते, म्हणून हे अक्षर बदलू नये. एक अक्षर लावलं की यंत्र सऱ्या पाडून झाल्यावर सगळं रान फिरून कुठं दगड लागतो का बघतं. याला वेळ जातो, पण नव्या डिस्कला हे लावावंच. एक अक्षर रानाला नाव देतं.

आणि एक शेवटचं अक्षर. त्याचं मी वेगळं पान केलं. त्यावर लिहिलं, "औत घालण्याआधी यंत्र तुम्हाला विचारतं, की या रानात जे असेल ते जाईल, नक्की का? तुम्ही होय म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही. हे अक्षर लावलं तर यंत्र विचारत नाही. नांगराला पीक दिसत नसतं. ते माणसानं बघायचं असतं. म्हणून भरलेल्या डिस्का आसपास असताना हे अक्षर लावू नये, आणि कुणी लावायला सांगितलं तरी आधी डिस्कचं नाव वाचावं."

हवालदारांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ताई, ह्ये झ्याक झालंय. उभ्या पिकात औत घालायचं न्हाई. आमच्या म्हातारीलाबी कळंल."

साहेबांना नाही आवडलं. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन माझ्यासमोर त्या प्रकरणावर उभी-आडवी रेघ मारली. "अहो, हे काय शेतकी मासिक आहे? रान काय, नांगर काय! गावंढळ वाटतं. आणि एवढं सगळं आपल्या लोकांना कशाला सांगायला हवं? त्यांना फक्त काय टाइप करायचं ते सांगा."

मी म्हटलं, "का टाइप करायचं तेही कळलं पाहिजे ना?"

"कळून काय करायचंय? पूजेला बसलेला यजमान मंत्राचा अर्थ विचारतो का? भटजी सांगतात, मम म्हणा, तो मम म्हणतो. पूजा होतेच की."

त्यांनी सगळ्या प्रकरणाच्या जागी एक ओळ लिहून दिली. आज्ञा आणि तिच्या मागे लागणारी अक्षरं, ओळीनं. मी बघितलं तर त्यात शेवटचं, न विचारण्याचं अक्षरही होतं. हे का, असं विचारलं. तर म्हणाले, "तो प्रश्न इंग्रजीत येतो. हवालदार दर वेळी मला हाक मारतात, साहेब, काय म्हणतंय बघा. मला काय दुसरी कामं नाहीत? हे अक्षर लावलं की प्रश्नच येत नाही."

प्रश्नच येत नाही! एका हाकेचा त्रास वाचावा म्हणून. मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. शेजारच्या शेतकी खात्यातले कारकून दारात येऊन उभे राहिले. साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्हाला भाषांतराला घेतलंय, प्रवचनाला नाही." मी लिहिलेलं पान त्यांनी खणात टाकलं. ती ओळ पत्र्याच्या पाटीवर रंगवून यंत्राच्या वर लावली. माझ्या मराठी पुस्तकाला सगळे पोथी म्हणायचे, त्या पोथीतही तेवढीच ओळ गेली आणि पोथीच्या प्रती सायक्लोस्टाइलवर निघाल्या.

मग खंडेनवमी आली. कारखान्यातली खंडेनवमी म्हणजे मोठं प्रकरण असतं. वर्कशॉपमधली लेथ धुऊनपुसून हार घालून बसते, वजनकाटा, ट्रक, टाइपरायटर, फिटरचे पाने, सगळ्यांना गंध लागतं. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्या वर्षी यंत्राची पहिलीच पूजा होती, म्हणून स्वतः चेअरमन येणार होते. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं होतं, की गणकयंत्राचं पूजन व नव्या डिस्कचा मुहूर्त माननीय चेअरमनसाहेबांच्या शुभहस्ते.

मुहूर्ताची कल्पना साहेबांची. जुन्या प्रतींच्या डिस्का पावसाळ्यातल्या ओलीनं खराब झाल्या होत्या, नवीन डिस्का पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांतली एक चेअरमनांच्या हातून तयार करायची आणि सणानंतर तिच्यावर ऊसनोंदीची प्रत काढायची. ऊसनोंद म्हणजे कुणी कोणत्या रानात कधी लागण केली त्याची नोंद. त्यावर तोडीची पाळी ठरते. हवालदारांनी ती पावसाळाभर टाइप केलेली होती आणि ती तेव्हा एकाच डिस्कवर होती.

ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. त्यामुळे रांगोळी मी काढायची आणि पूजेचं तबक मी धरायचं, हे कुणी मला विचारलंही नाही. सायन्सची पदवी घेऊन मी हळदीकुंकवाचं तबक धरून सगळ्यांच्या मागे उभी होते, आणि मला जे दिसत होतं ते पाठींच्या फटींतून. भटजींनी साऱ्या डिस्का, नव्या आणि भरलेल्या, पाटावर ओळीनं मांडायला सांगितल्या. पूजा सगळ्यांची व्हायला हवी ना! प्रत्येकीवर ओल्या गंधाचं स्वस्तिक निघालं, नेमकं नावाच्या चिठ्ठीवर, कारण पांढरी जागा तेवढीच होती. मग फुलानं पाणी शिंपडलं. हवालदारांनी शाईच्या पेनानं लिहिलेली नावं पसरली आणि सगळ्या डिस्का सारख्याच दिसू लागल्या.

साहेबांनी पाटावरची पहिली उचलून यंत्रात सरकवली. मला हवालदारांचा आवाज ऐकू आला. "सायेब, ही कंची हाय ती बगू का जरा? नाव पुसलंय."

"अहो, मुहूर्त टळतोय. नवीच आहे, मी कडेला ठेवली होती. पाटीवरची ओळ टाइप करा."

हवालदारांनी पाटीकडे बघून ओळ टाइप केली. चेअरमन बोट उगारून तयारच होते. त्यांनी शेवटचं बटण दाबलं. यंत्रानं काहीही विचारलं नाही. ते घरघरलं, टाळ्या झाल्या, नारळ फुटला, पेढे वाटले. मीही खाल्ला.

सण उरकून हवालदार कामावर आले आणि प्रत काढायला बसले, तेव्हा कळलं. ऊसनोंद नव्हतीच. नव्या डिस्का साऱ्या कोऱ्या आणि ऊसनोंदीची डिस्कही कोरी, सरळ रेघेत सऱ्या पाडलेली, एकही दगड नाही. हवालदार खुर्चीत बसले होते ते उठलेच नाहीत. गटागटांतून कागद मागवून सगळं पुन्हा टाइप करायचं म्हटलं तरी हंगाम तोंडावर होता. तोवर ज्याच्या हातात काठी त्याची म्हैस. मोठ्या बागायतदारांचा ऊस आधी तुटणार आणि लहान माणसाच्या उसाला रानातच तुरे येऊन वजन घटणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. फाटकावर आरडाओरडा सुरू झाला. आणि आरडाओरडा सुरू झाला की कुणीतरी एक माणूस लागतो.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. खणातून माझं पान काढलं. तेच पान, लाल रेघा मारलेलं. किती गोड आवाजात म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर होतं हो. हे पान पोथीत घ्यायलाच हवं. आजच स्टेन्सिल कापा आणि सगळ्या प्रतींत लावा. रेघा सोडून."

क्षणभर मला आनंदच झाला, खरं सांगते. मग ते पुढे म्हणाले, "परवा चौकशी आहे. पोथीत स्पष्ट सूचना असताना ऑपरेटरनं ती पाळली नाही, एवढं दिसलं की पुरे. पोथीच्या पानावर कुठं तारीख असते?"

जे पान घ्या म्हणून मी घसा फोडला होता, तेच पान आता घेतलं की हवालदारांच्या गळ्याला फास बसणार होता. मी स्टेन्सिल कापायला नकार दिला. त्यांनी खांदे उडवले आणि पत्रव्यवहाराच्या कारकुनाकडून कापून घेतलं. टाइप करता येणारी मी काही एकटी नव्हते.

मी हवालदारांना उपाहारगृहाच्या मागे गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. "आवं ताई, जाऊ द्या. हुकूम हुता, म्या पाळला. सायबाच्या उलटं बोलायचं आपल्याला कवा शिकवलंच न्हाई."

"हवालदार, नोकरी जाईल तुमची!"

"नोकरी जाईना का. पर गावात म्हनतील, पलटनीतनं आला आन् कारखान्याचा ऊस बुडवला. त्ये मातूर लय लागतंय बगा."

मला त्यांचाही राग आला. इतका सरळपणा काय कामाचा, जो दुसऱ्याच्या वाकडेपणाला पायरी होतो! मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण बोलायला काही ते तयार होईनात.

चौकशी चेअरमनांच्या दालनात झाली. दोन-तीन संचालक, साहेब, दाराजवळ उभे हवालदार आणि मी. साहेबांनी पोथीची एक प्रत उघडून टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "हे पान तुम्ही लिहिलंत का? फक्त हो की नाही ते सांगा."

काय डोकं होतं माणसाचं! खरं बोलावं तर हवालदार बुडतात. खोटं बोलावं तर माझंच वाक्य मी नाकारायचं.

"मीच लिहिलं," मी म्हटलं. "त्यातलं अक्षर न् अक्षर माझं आहे. साहेबांनी ते पावसाळ्यात खोडलं आणि खणात टाकलं. आणि हे छापलंय परवा." मी त्या पानावर अंगठा दाबून ओढला. अक्षरं फरफटली. सायक्लोस्टाइलची शाई ओलसर होती. मग शेजारच्या, जुन्या पानावर दुसरा अंगठा ओढला. दोन्ही अंगठे वर करून दाखवले. एक काळा होता आणि एक स्वच्छ.

चेअरमन माझ्या अंगठ्यांकडे बघत म्हणाले, "मग चूक कुनाची म्हनायची, बाई?"

तेव्हा माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. मी म्हटलं, "पाटीवरची ओळ साहेबांची. डिस्क उचलली साहेबांनी. हवालदारांनी विचारलं होतं, बघू का म्हणून. आणि शेवटचं बटण कुणी दाबलं, ते फाटकावरच्या फळ्यावर लिहिलंय. अजून पुसलेलं नाही. टाळ्या घ्यायला शुभहस्त आणि शिक्षा घ्यायला हवालदार, असं नाही चालणार."

साहेब पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता माझीच गठडी वळणार. पण चेअरमन हसले. राजकारणात मुरलेला माणूस तो, वारा कुठून येतोय ते त्याला आमच्याआधी कळायचं. ते म्हणाले, "देवाच्या कामात चूक धरायची नसती. पूजेत झालं, देवानं केलं. हवालदार, जावा कामाला, कागुद आलं की टायपाला बसा." हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला. मग चेअरमन साहेबांकडे वळले. "आन् सायेब, तेवढं त्ये पान काढून टाका पोथीतनं. पान असलं की कुनाची तरी चूक ठरती. पान नसलं की कुनाचीच न्हाई."

माणूस वाचला होता. मी पुढे बोलले असते तर पान राहिलं असतं आणि हवालदार पुन्हा दाराजवळ उभे राहिले असते. माझ्यासमोर कारकुनानं प्रतींमधून ती पानं उपसली आणि गठ्ठा बांधून बॉयलरकडे पाठवला. पत्र्याची पाटी तशीच राहिली. साहेबही राहिले.

दुसऱ्या दिवशी हवालदार माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, त्ये पान छापायचं न्हाई ना? नका छापू. मला तोंडपाट करून द्या." मी रागातच बसले होते, रागातच सांगत गेले, आणि ते ताठ उभे राहून ऐकत गेले. एकेक अक्षर, त्यानं काय होतं, कधी लावायचं. शेवटचं अक्षर गाळा, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "पाटीवर हाय त्ये बदलायचा हुकूम न्हाई, ताई. ओळ हाय तशीच लावायची. पर त्याच्या आदी म्या इचारीन."

मी तो हंगाम संपल्यावर नोकरी सोडली. सोडण्याआधी बऱ्याचदा त्यांना बघितलं. कोरा पापड यंत्रात सरकवण्याआधी ते तो तोंडासमोर धरायचे आणि रात्रपाळीच्या पहाऱ्यावर असल्यासारखे खड्या आवाजात म्हणायचे, "थम! कौन आता है?" मग चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचायचे, स्वतःच "नक्की" म्हणायचे आणि मग पाटीवरची ओळ, शेवटच्या अक्षरासकट, टाइप करायचे. शेतकी खात्यातले कारकून दारात उभे राहून हसायचे. साहेबही हसायचे.

मला काही हसू आलं नाही, अजूनही येत नाही. ते एक अक्षर गाळलं असतं तर तोच प्रश्न यंत्रानं विचारला असता, फुकट, दर वेळी, कुणाच्या हसण्याची पर्वा न करता. तो एका माणसाला ओरडून विचारावा लागला. आणि हवालदारांनी काम सोडल्यावर त्या खुर्चीत जो कुणी बसला असेल, त्याच्यासमोर फक्त पाटी होती.